माशावर दूध

माझा उजवा हात तिनं पहिल्यांदा नाकाशी धरला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, बी.एस्सी. होतो, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. हे सगळं मी तिला ओटीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं. न सांगून कसं चालेल? त्याच्यासाठी तर एवढा खटाटोप केला होता.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा तळहात ओढला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"फनस खाल्लास."

"हो. पनवेलला स्टँडवर घेतला होता."

"त्यावर पान खाल्लंस."

"हो."

"फनसावर पान! आनि मना सांगतंस शिकलाय म्हनून?"

खोली मिळाली ती एका अटीवर. त्या घरात राहीन तोवर काय कशाबरोबर खायचं ते ती ठरवणार. मी हो म्हणालो. गावात भाड्यानं देण्यासारखी दुसरी खोलीच नव्हती.

ही सारसोळ्याची गोष्ट. नेरूळला तेव्हा सेक्टर नव्हते. मिठागरं होती, भाताची खाचरं होती, खाडीचं पाणी अडवायला घातलेले बांध होते, आणि एका बांधाच्या टोकाला हे कोळ्यांचं गाव. त्या बांधावरून पाऊण तास चाललं की आमची शाळा. चार गावच्या मंडळींनी मिळून नुकतीच काढलेली, पाचवीपासून पुढची. विज्ञानाला मास्तर मिळत नव्हता, म्हणून मी घाटावरून खाली आलो. आज मी त्याच नेरूळात चौथ्या मजल्यावर राहतो. सोसायटीतली तरुण मंडळी खाली बाकावर बसून 'हे यासोबत नको, ते त्याच्या आधी अर्धा तास' असं डाएटचं बोलायला लागली की मला गंमत वाटते. हे सगळं मी एका बाईकडून ऐकलेलं आहे, ओटीवर, ती जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, निवडत असताना.

मी तिला आजी म्हणायचो. साठीच्या अलीकडची असेल. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची दोन फुलं, आणि नाक एवढंसं. पण त्या नाकाला गाव भ्यायचं. सुरुवातीला मी तिला 'तुम्ही' म्हणत असे. एकदा तिनं मागं वळून बघितलं आणि विचारलं, "आजून कोन हाय मागं?" तेव्हापासून 'तू'.

घरात ती, होडीवर जाणारा मुलगा, सून आणि एक नात. घर त्यांचं, पण चूल तिची. आणि तसं म्हटलं तर अख्ख्या गावाच्या चुली तिच्याच. ओटीवरून जाणाऱ्या येणाऱ्याचा हात ती हक्कानं पकडायची. साबणानं धुतलेला असला तरी उपयोग नसे. "काल राती चिंबोरी. आज सकाली कलिंगड. मरायचं हाय का रं?" माणूस ओशाळून हात सोडवून घ्यायचा. पोस्टमन तर तिचं पत्र हातात देतच नसे. लांबून ओटीच्या कडेवर ठेवायचा, वर दगड ठेवायचा आणि सायकल मारायचा.

तिच्या लेखी खाण्याचे पदार्थ नव्हतेच, घराणी होती. मासळीला ती मावरं म्हणायची. "भात आनि मावरं म्हंजे नवरा-बायको," ती सांगायची. "कोकम त्यांची सासू. आंबट तोंडाची, पन तिच्याबिगर घर चालत नाय. वाल आनि सुके बोंबील भाऊ-भाऊ. भांडतात, पन येका टोपात ऱ्हातात." कैरी आणि सुकट ही चैत्रातली सोयरीक, पाऊस पडला की संपली. कलिंगड बैरागी. "त्याला कोनाशी बोलायचं नाय. त्याला येकटंच खायाचं, आनि खाऊन गप बसायचं."

एकदा दिवाळीच्या सुट्टीहून येताना मी घरची बाजरी घेऊन आलो. तिनं बाजरी पहिल्यांदाच बघितली. मुठीत घेतली, हुंगली, दोन दाणे चावले. मी तिला भाकरी थापून दाखवली, पुरुषमाणूस भाकरी थापतो म्हणून सुनेनं पदर तोंडात कोंबला. आजीला हसू आलं नाही. ती गंभीर होती. ही कुणाकडची, हिला कुणाच्या घरात द्यायची, हा तिच्यापुढं प्रश्न होता. पहिल्या दिवशी तिनं बाजरीची भाकरी वालाशी खाऊन बघितली. "नाय. दोगं बी हट्टी." दुसऱ्या दिवशी कोलंबीच्या कालवणाशी. "कोलबी नाजूक. ही घाटी बया तिला जगू देनार नाय." मी सांगितलं, आमच्याकडे लोण्याशी खातात, गुळाशी खातात. ते तिनं ऐकलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ही ओटीवर उभी. "जमलं, मास्तर!" कांद्यात परतलेला जवळा आणि बाजरीची भाकरी. मी खाल्ली. आता या वयात खोटं कशाला बोलू, त्याच्याहून चांगलं मी आजवर फार थोडं खाल्लंय. तिनं त्या दिवशी चार घरी वाटीत घालून दिलं, लग्नाचे लाडू वाटावेत तसं.

पण या सगळ्या सोयरिकींत एक वैर होतं. मावऱ्यावर दूध नाही.

तसं हे सगळ्या किनाऱ्यावर मानतात. कोड उठतं, म्हणतात. पण आजीचं वेगळं होतं. कोड तिला लहान गोष्ट वाटायची. तिच्या घरात दूध उंबरा ओलांडत नसे. चहा कोरा, गवती चहा घातलेला. मी बांधापलीकडच्या एका आगऱ्याकडून रोज सकाळी पावशेर म्हशीचं दूध आणायचो. ते ओटीला लागून बाहेर असलेल्या माझ्या खोलीत, माझ्या स्टोव्हवर, माझ्याच पातेलीत तापायचं. पातेली खुंटीवर बाहेर. चुकून तिच्या चुलीजवळ गेली तर ती राखेनं हात घासून घ्यायची.

मी आलो त्याच महिन्यातली गोष्ट. रविवार होता. ओटीवर मी, तिचा मुलगा आणि शेजारचे दोघे जेवत होतो. बोईट माशाचं कालवण आणि भात. बोलता बोलता दुधाचा विषय निघाला आणि माझ्यातला बी.एस्सी. उठून उभा राहिला. मी म्हणालो, हे सगळं थोतांड आहे, आत्ता दाखवतो. खोलीतून दुधाचा पेला आणला. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, जादूगार बघतो तसं, आणि पेला ओठाला लावला.

लावला म्हणजे लागायच्या आत उडाला. आजीच्या हातात कालवणाची पळी होती. दूध माझ्या शर्टावर, पळीतलं कालवण दुधावर. माझा एकुलता एक पांढरा शर्ट, दुसऱ्या दिवशी शाळेत घालायचा. मी संतापलो. "आजी, हा अडाणीपणा आहे!" असं मोठ्यानं म्हणालो. तिचा मुलगा उठायला लागला, तिनं हातानंच त्याला खाली बसवलं. मग पदरानं माझे ओठ खसखसून पुसले. मला वाटलं, रागानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट धुऊन दोरीवर वाळत घातलेला. डाग नव्हता. मी हात लावून बघितला. तीच म्हणाली, "शर्टाचा डाग धुतला का निगतो, मास्तर." आणि राखेनं हात घासायला आत गेली.

खोली सोडून जावं असं मनात आलं होतं. पण बांधावर चिखल होता, आणि खरं सांगायचं तर कोलंबी होती.

नंतर मी वाद घालणं सोडलं असं नाही. शेजारची मुलगी बाळंतपणाला आली, तेव्हा आजी रोज तिला मोरीचं कालवण करून न्यायची. मोरी म्हणजे लहान मुशी, शार्कच्या जातीची. अंगावर दूध येतं म्हणून बाळंतिणीला देतात. मी म्हणालो, "आजी, आता पकडली तुला. मासे पोटात, दूध अंगात. एकाच बाईच्या. मग कसं चालतं?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना उत्तर दिलं. "आईचं दूध कोनाचं वैरी नाय. आईच्या दुधाशी सगल्यांचं जमतं. भाईरचं दूध आनायची पाली आली, का मग वैर." आणि भात वाढायचा विसरून आत गेली.

मी जिंकलो असं समजून भात मागून घेतला.

मग मी आल्याच्या पाचव्या वर्षी शाळेत दुधाची पावडर आली. पोरांना पौष्टिक आहार म्हणून. मोठमोठे डबे, सकाळी पातेल्यात पावडर कालवायची, उकळायची, रांगेनं पेला पेला द्यायचं. विज्ञानाचा म्हणून काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी डाव घेऊन उभा, समोर रांग, आणि बांधावरून पाऊण तास चालत आलेली आजी रांगेच्या तोंडाशी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं पहिल्या पोराचा हात धरला, हुंगला. "मावरं. जा." दुसरा. "सुकट. जा." तिसरा. "निवटी. तुज्या आयशीला सांग मीठ कमी घाल. जा."

कोळ्यांची पोरं सकाळी मासे, सुकट, खाडीच्या चिखलातल्या निवट्या सोडून दुसरं काय खाऊन येणार? रांग संपली, आणि मग रोजच तशी संपायला लागली. उरला एकटा दुकानदाराचा मुलगा, शाकाहारी. आठवडाभर तो रोज चार चार पेले प्यायला, आणि शनिवारी त्याचं पोट बिघडून घरी बसला. "बघ," आजी मला म्हणाली. "काय ते तुजं दूध."

हेडमास्तर हवालदिल झाले. डब्यांत पावडरीचे खडे व्हायला लागले. "अहो, तुमची घरमालकीण ना ती? समजवा की!" मी म्हणालो, "सर, मी पाच वर्षं समजावतोय. तुम्ही एकदा येऊन बघा." ते आले नाहीत. त्यांनी घरी काय खाल्लंय ते त्यांनाच माहीत.

त्या रांगेत तिची नातही असायची. पाचवीत होती. अंगानं काडी. वर्गात फळ्यापाशी बोलावलं तर फळ्याला टेकून उभी राहायची. मग तापानं पडली आणि उठली ती आणखी बारीक होऊन. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला रोज दूध द्या, सकाळ-संध्याकाळ. आजीनं दोन दिवस तिचे मासे बंद केले आणि दूध दिलं, उंबऱ्याबाहेर बसवून. पोरगी दूध प्यायली पण भाताला शिवेना. माशाशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, जन्मापासून दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजीनं दूध बंद केलं आणि मासे चालू केले. पोरगी दोन घास खायची आणि भिंतीला टेकायची. सून आतून रडायची. मुलगा होडीवरून आला की कुणाशी न बोलता जाळं विणत बसायचा. आईला बोलायची त्याची छाती नव्हती.

अशाच एका दुपारी आजी ओटीवर जवळा निवडत होती. मी वह्या तपासत होतो. मान वर न करता तिनं विचारलं, "मास्तर, तुज्या बुकात काय लिवलंय? मावऱ्यावर दूध पिलं त मानूस मरतं?"

या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होतो. उत्तर तोंडात तयार होतं. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी विचारलं, "का गं आजी?"

"माजा पयला पोर. तीन वर्सांचा व्हता." तिचा हात जवळ्यातून फिरतच होता. "ह्यो दुसरा पोटात व्हता. माजं दूध आटलं. पोर रडं, दूध दे, दूध दे. बोयटाचं कालवन आनि भात खाल्ला व्हता त्यानं. मी बांधावरनं शेलीचं दूध आनलं आनि पाजलं. सांजच्याला उलट्या, हगवन. दुसऱ्या दिशी भरती यायच्या आदी गेला." तिनं जवळ्यातला एक खडा काढून टाकला. "सासू बोल्ली, तूच मारलास."

पळी मला तेव्हा कळली. शर्टाचं वाक्यही कळलं, आणि ती भात वाढायचं का विसरली तेही.

मी वही मिटली. जे साधं होतं ते विचारलं. "आजी, त्या वेळी गावात आणखी पोरं गेली होती का?"

"गेली की. चार घरची."

"ती दूध प्यायली होती?"

"त्यांच्या घरी दूध कुटलं?" ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

मी सांगितलं, ती साथ होती, पाण्यातून आली असेल, दुधाचा काही संबंध नाही, मरत नाही माणूस. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "बुकातलं नको सांगू. मना दाव."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं बोईट आणले, निवडून. तेच कालवण, तोच भात. मी जेवलो. मग ती आत गेली आणि बाहेर आली ती हातात दुधाचा पेला घेऊन. माझी पातेली तिनं स्वतः खुंटीवरून काढली होती, स्वतःच्या चुलीवर तापवली होती. उंबरा ओलांडून ती दूध घेऊन आली आणि पेला माझ्या ताटाशेजारी ठेवला. सून दारात. नात भिंतीला टेकून.

मला आता कबूल केलं पाहिजे. माझा हात पुढं जाईना. बी.एस्सी. होतो, वर्गात रोज शिकवत होतो, सगळं तोंडपाठ होतं. पण पाच वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लं होतं, आणि तिचं काहीतरी माझ्या हातात उतरलं होतं. मासे खाल्लेला हात दुधाला लागेना. आजी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या मागं आणखी काहीतरी होतं. मी प्यायलो तर ते तिला मिळणार होतं.

डोळे मिटले आणि एका दमात प्यायलो.

मग ती माझ्यासमोर बसली. उठलीच नाही. मी वही काढली, ती म्हणाली, "लिहू नको. बस." दर थोड्या वेळानं माझा हात घेऊन हुंगायची, कपाळाला हात लावायची. ओटीवरचं ऊन सरकत सरकत अंगणात गेलं. खाडीला भरती आली. मुलाची होडी लागल्याचा आवाज आला. तेव्हा तिनं माझा हात शेवटचा धरला.

"मास्तर, जित्ता हायस."

"आहे, आजी."

"मंग मी नाय मारला त्याला."

"नाही, आजी. तू नाही मारलंस."

ती रडली नाही. पदरानं नाक पुसलं, त्या नाकानं खूप काम केलं होतं. मग आत गेली आणि मुठीत ओवा आणि तांब्यात गरम पाणी घेऊन आली.

माझ्या पोटात तासाभरापूर्वीपासून बारीक कळ येत होती. भीतीची असेल, नाहीतर एका दमात प्यायल्याची. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नव्हतं. मी स्पष्टवक्ता म्हणून ओळखला जातो, पण त्या दिवशी म्हणालो, "मला काही होत नाहीये, आजी."

"ठावं हाय मना. तुमी घाटी, तुमची पोटं नाजूक. खा."

खाल्ला.

सोमवारी सकाळी शाळेत मी पातेल्यापाशी उभा होतो. बांधावरून आजी आली, नातीचं बोट धरून. रांग आपोआप बाजूला झाली. सवयीनं तिनं पोरीचा हात नाकाशी धरला. पोरगी कालचं बोयटाचं कालवण खाऊन आली होती. मला डावापर्यंत वास येत होता. रांगेतली पोरं पुढं वाकून बघायला लागली.

"घाल, मास्तर," ती म्हणाली.

मी पेला भरला. पोरगी आजीकडे बघत बघत प्यायली. पेला रिकामा झाला तसा आजीनं कमरेच्या गाठीतून चिमूटभर ओवा काढला आणि तिच्या जिभेवर ठेवला. मग रांगेकडे वळून म्हणाली, "ऐका रं सगली. मावरं आनि दूध, दोन घरांचं वाकडं. जमत नव्हतं. मधी येक शाना मानूस लागत व्हता. ह्यो ओवा. मावरं, दूध, मंग ओवा. ज्याला प्यायचं त्यानं प्या."

ओव्याची काही गरज नाही, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रांग पुढं सरकली. पुढच्या पोरानं, रोजच्यासारखा, आपणहून हात पुढं केला. आजीनं तो धरला, वर नेला, आणि अर्ध्यावरच थांबली. हुंगला नाही. नुसता धरून ठेवला थोडा वेळ, आणि मग सोडला.